उंबरठ्याआतली शिक्षा : वृद्ध बंदी, गृहस्थानबद्धता आणि परतीची वाट

भारतीय फौजदारी कायद्याने बालपणाची दखल जितक्या तपशिलाने घेतली, तितकी वार्धक्याची कधीच घेतली नाही. अल्पवयीनांसाठी स्वतंत्र कायदा, स्वतंत्र न्यायमंडळ आणि स्वतंत्र निवासाची सोय आहे; सोळा ते एकवीस वर्षांच्या तरुण गुन्हेगारांना मुरलेल्या कैद्यांच्या सहवासापासून दूर ठेवावे म्हणून मुंबई प्रांताने १९२९ सालीच बोर्स्टल कायदा केला, आणि त्या परंपरेतले किशोर सुधारालय खुद्द नाशिक शहरात आहे. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र असे काहीही नाही. त्याच शहरातील नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात पंचविशीतला आणि पंचाहत्तरीतला बंदी एकाच नियमपुस्तिकेखाली नांदतात, आणि त्यांच्यातला फरक कारागृहाच्या डॉक्टरला दिसतो तेवढाच कागदावर उतरतो. ज्या राज्यसंस्थेने २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यात साठ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीयाला ज्येष्ठ नागरिक ठरवले, तिचीच ती व्याख्या तुरुंगाच्या दारापाशी थांबते.

ही अनास्था आकडेवारीतही उतरली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या कारागृहविषयक अहवालानुसार देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ असताना त्यांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक न्यायाधीन, म्हणजे लोकभाषेत ज्यांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात असे होते. वयोगटांच्या तक्त्यात मात्र शेवटचा रकाना ‘५० वर्षे आणि त्यावरील’ एवढाच असतो. तुरुंगात म्हातारपण लवकर येते, म्हणून अनेक देशांतील अभ्यासक पन्नास-पंचावन्न वर्षांच्या बंदीलाही वृद्ध मानतात, हे खरे. परंतु बावन्न वर्षांचा धडधाकट सुतार आणि ब्याऐंशी वर्षांचा, कंपवाताने पेला धरू न शकणारा माणूस एकाच रकान्यात बसवल्यावर धोरण कोणासाठी आखायचे, हा प्रश्न उरतोच. वृद्ध बंदींची गृहस्थानबद्धता, म्हणजे शिक्षेचा उर्वरित काळ ठरलेल्या घरात, ठरलेल्या बंधनांखाली भोगण्याची व्यवस्था, या विषयाचा विचार त्या रकान्याच्या फोडीपासून सुरू व्हावा लागतो.

तुरुंगात म्हातारी माणसे येतात कोठून, याचे उत्तर दोन वाटांनी द्यावे लागते. पहिली वाट जन्मठेपेची आहे. जन्मठेप म्हणजे चौदा किंवा वीस वर्षे ही समजूत मराठी समाजात आजही पक्की आहे; वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ विनायक गोडसे यांच्या याचिकेवर निर्णय देताना जन्मठेप म्हणजे उरलेले नैसर्गिक आयुष्य, आणि मिळवलेल्या माफीच्या दिवसांमुळे सुटकेचा आपोआप हक्क निर्माण होत नाही, असे स्पष्ट केले. गांधीहत्या कटात शिक्षा झालेले हे याचिकाकर्ते १९५० च्या मे महिन्यात पंजाबातील तुरुंगातून नाशिकरोडलाच आणले गेले होते, त्यामुळे जन्मठेपेचा देशभर मान्य झालेला अर्थ ज्या बंदिवासातून निघाला त्याचा एक टप्पा या शहरात पडतो. पुढे १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आले, आणि ज्या गुन्ह्याला देहदंडही होऊ शकतो अशा गुन्ह्यातील जन्मठेपेच्या बंदीला किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही, असा दंडक झाला. चाळिशीच्या अखेरीस शिक्षा झालेला माणूस या हिशेबाने साठीच्या उंबरठ्यावरच पहिल्यांदा सुटकेच्या विचारास पात्र होतो.

दुसरी वाट उतारवयात झालेल्या अटकेची आहे, आणि तिच्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाची छाप उमटलेली दिसते. बांधावरून किंवा पाटाच्या पाण्यावरून झालेल्या मारामारीत एक जण दगावला की फिर्यादीत समान उद्देशाच्या कलमाखाली घरातील बाप, चुलता आणि मुलगे एकत्र येतात. हुंडाबळी आणि सुनेच्या छळाच्या प्रकरणांत सासू, क्वचित आजेसासूही आरोपी असते. यांतील काही जण निर्दोष सुटतात, काही खरोखर दोषी असतात, पण खटला आणि अपील यांचा कालावधी असा की निकाल येईतो आरोपीचे वय उलटून गेलेले असते. अशा माणसाचा हा आयुष्यातला पहिलाच गुन्हा असतो आणि वय पाहता बहुधा शेवटचाही. दंडशास्त्रात, म्हणजे शिक्षेची कारणे आणि परिणाम तपासणाऱ्या शास्त्रात, वाढत्या वयाबरोबर पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता घटते हे सर्वत्र मान्य झालेले निरीक्षण आहे.

बराकीतील दिनक्रम तरुण शरीर गृहीत धरून आखलेला असतो. जमिनीवरचे अंथरूण, उकिडवे बसण्याचे शौचकूप, संध्याकाळी दार बंद झाल्यावर सकाळपर्यंत मदतीसाठी शेजारच्या बंदीवरच विसंबणे, कवळी, चष्मा किंवा कानातले यंत्र तुटले तर महिनोन्महिने वाट पाहणे, हे सारे शिक्षापत्रात लिहिलेले नसते, तरी ते भोगावे लागते. रुग्णालयात न्यायचे तर पोलीस गार्ड लागतो, आणि गार्ड उपलब्ध नसला की तपासणीची तारीख हुकते. फादर स्टॅन स्वामी यांचे प्रकरण महाराष्ट्राला यासाठीच विसरता येणार नाही : ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेल्या, पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या या ८३ वर्षांच्या न्यायाधीन बंदीला तळोजा कारागृहात पाणी पिण्याच्या नळीसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची सुनावणी प्रलंबित असतानाच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे काहीही मत असो, नळीसाठी अर्ज करावा लागणे हा कोणत्याही कायद्याने सांगितलेला शिक्षेचा भाग नव्हता.

प्रचलित कायद्यात वृद्ध बंदीला बाहेरची हवा मिळण्याच्या ज्या वाटा आहेत, त्या समजून घेतल्याशिवाय गृहस्थानबद्धतेचे वेगळेपण लक्षात येणार नाही. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनुसार दोन प्रकारच्या रजा मिळतात. ‘संचित रजा’, जिला कारागृहात सर्रास फर्लो म्हणतात, ही चांगल्या वर्तणुकीच्या बंदीला ठराविक कालावधीनंतर मिळते आणि ती शिक्षेतच धरली जाते. ‘अभिवचन रजा’, म्हणजे पॅरोल, ही आजारपण, मृत्यू, विवाह अशा कारणांसाठी मिळते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. गोव्यातील बंदींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच तत्त्व तेथील नियमांच्या आधारे मान्य केले आणि चौदा वर्षांची प्रत्यक्ष शिक्षा मोजताना पॅरोलचा काळ वगळला पाहिजे असे म्हटले. याशिवाय माफी, म्हणजे वर्तणूक, काम किंवा शिक्षण यांबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस, आणि मुदतपूर्व सुटका, म्हणजे शासनाने उरलेली शिक्षा सोडून देणे, या वाटा आहेत. या साऱ्यांत एकतर काही दिवसांची मोकळीक आहे, नाहीतर पूर्ण मुक्तता. मधली पायरी नाही. दीर्घकाळ बाहेर पाठवायचे पण शिक्षा चालू ठेवायची, ही कल्पनाच आपल्या नियमांना अपरिचित आहे.

तिच्या जवळात जवळ जाणारा अनुभव करोनाच्या साथीने दिला. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितल्या, महाराष्ट्राने मे महिन्यात रजेच्या नियमांत दुरुस्ती करून आकस्मिक अभिवचन रजेची तरतूद केली, आणि हजारो बंदी घरी गेले. साथीच्या भीतीने का होईना, राज्याच्या कारागृह प्रशासनाने मोठ्या संख्येने सिद्धदोष, म्हणजे शिक्षा झालेल्या, बंदींना दीर्घकाळ घरी ठेवून पाहिले. कोण वेळेवर परतले, कोण परतले नाही, कोणत्या वयोगटात उल्लंघन अधिक झाले, हा तपशील प्रत्येक कारागृहाच्या दप्तरात आहे. गृहस्थानबद्धतेचे धोरण आखू पाहणाऱ्याने विदेशातील प्रारूपांकडे वळण्यापूर्वी तो वाचावा, असे सुचवणे वावगे ठरू नये.

वयाचा थेट विचार करणारी एक तरतूद महाराष्ट्रात आहे. २००६ सालच्या शासकीय धोरणात चौदा वर्षांची प्रत्यक्ष शिक्षा भोगलेल्या आणि ६५ वर्षे पूर्ण केलेल्या अशक्त बंदींच्या मुदतपूर्व सुटकेचा मार्ग ठेवला होता. तो लोकांना माहीत झाला तो मुंबईतील टोळीप्रमुख अरुण गवळी यांच्यामुळे. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ मधील हत्येबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या गवळी यांनी या धोरणाचा लाभ मागितला. २०१५ मध्ये नियम बदलून संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखालील बंदींना त्यातून वगळले असल्याचे शासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये गवळींच्या बाजूने निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये दीर्घ कारावास व वय लक्षात घेऊन त्यांना जामीन मंजूर केला. वृद्ध बंदीसाठीची सवलत सर्वांत गाजली ती अशा बंदीच्या नावाने, ही या विषयाची शोकांतिकाच म्हणावी लागेल, कारण निरक्षर, वकील नसलेल्या आणि भेटायला कोणी न येणाऱ्या वृद्धाच्या अर्जाची बातमी कधीच होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जेथे माफीचे धोरण आहे तेथे बंदीने अर्ज करण्याची वाट न पाहता पात्र बंदींचा विचार राज्याने स्वतःहून करावा, असे सांगितले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

घरातली कैद मराठी वाचकाला सर्वस्वी अनोळखी नाही. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. महात्मा गांधी, कस्तुरबा आणि त्यांचे सहकारी १९४२ पासून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते आणि वृद्ध कस्तुरबांचा तेथेच फेब्रुवारी १९४४ मध्ये अंत झाला. या दोन्ही उदाहरणांत बंदी नामांकित आहेत, आणि कारण राजकीय आहे. स्टॅन स्वामींच्याच प्रकरणातील सहआरोपी गौतम नवलखा यांच्या खटल्यानेही हे स्वरूप बदलले नाही. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य प्रकरणी गृहस्थानबद्धतेचा आदेश देता येतो, असे तपासकालीन कोठडीच्या संदर्भात म्हटले, आणि शिक्षा झाल्यानंतरच्या प्रकरणांत तिचा वापर करावा का, याचा विचार तुरुंगांतील गर्दी आणि खर्च पाहता विधिमंडळांनी करावा, असे सुचवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सत्तरीतल्या नवलखांना तळोज्याहून नवी मुंबईतील एका घरात हलवण्यात आले. दारावर पोलीस, कॅमेरे, इंटरनेटला बंदी, पोलिसांच्याच फोनवरून मोजके बोलणे, आणि या पहाऱ्याचा खर्च बंदीकडून. तपास यंत्रणेने पुढे मांडलेली खर्चाची रक्कम दीड कोटी रुपयांच्या वर गेली, आणि मे २०२४ मध्ये जामीन देताना न्यायालयाने वीस लाख रुपये भरण्यास सांगितले. या मार्गाने जाणारी गृहस्थानबद्धता हे धोरण होऊ शकत नाही. ती ज्याला परवडेल त्याचीच सोय ठरते.

पहाऱ्याला पर्याय म्हणून आता इलेक्ट्रॉनिक पट्ट्याचे नाव घेतले जाते, म्हणजे घोट्याला किंवा मनगटाला बांधलेले आणि बंदीचे स्थान सतत कळवणारे यंत्र. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श कारागृह व सुधारसेवा कायद्यात असे यंत्र बांधून घेण्याची तयारी दर्शवणाऱ्या बंदीला रजा देण्याची तरतूद सुचवली आहे. दुसरीकडे, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनावरील आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालणे हा खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे असे म्हटले. सिद्धदोष बंदीची स्थिती आरोपीहून वेगळी असते हे मान्य केले, तरी ऐंशी वर्षांच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घोट्याला यंत्र बांधण्यात सुरक्षेपेक्षा आपली सवयच अधिक दिसते. त्या यंत्राला रोज विजेवर भारित करावे लागते आणि मोबाइलचे जाळे लागते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यांवर दोन्हींचा भरवसा देता येत नाही.

परदेशांत या कल्पनेला कायद्याचे रूप मिळून बराच काळ लोटला आहे. इटलीच्या कायद्यात सत्तरी ओलांडलेल्या बंदीला, काही गंभीर गुन्हे वगळून, घरी शिक्षा भोगण्याची मुभा आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने सुरू झालेली वृद्ध बंदींच्या गृहस्थानबद्धतेची प्रायोगिक योजना २०१८ च्या कायद्याने विस्तारली, वयाची अट पासष्टवरून साठवर आली आणि दोन तृतीयांश शिक्षा भोगलेले बंदी पात्र ठरले, परंतु ती मुदतीची योजना २०२३ मध्ये संपली. या दोन्हींपेक्षा महाराष्ट्राने जपानकडे अधिक लक्ष द्यावे. तेथे भुरट्या चोऱ्या करून पुन्हा पुन्हा तुरुंगात येणाऱ्या वृद्धांचा प्रश्न इतका वाढला की, बाहेर जेवण, औषध आणि सोबत नसल्यामुळे माणसे तुरुंगच पत्करतात हे शासनाला मान्य करावे लागले, आणि २००९ पासून सुटणाऱ्या वृद्ध व अपंग बंदींचा निवारा, उपचार आणि निवृत्तिवेतन आधीच जुळवून देणारी केंद्रे प्रांतोप्रांती उभारली गेली. घर नसलेल्या माणसाला घरी पाठवता येत नाही, एवढा साधा निष्कर्ष त्यामागे आहे.

घराच्या या प्रश्नापाशी विषय नाशिकच्या गंगापूर रोडशी येऊन भिडतो. अशोकस्तंभापासून निघून जुना गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर असा धरणाकडे जाणारा हा रस्ता नाशिकच्या सुस्थित वस्तीचा आहे, आणि नाशिकरोडच्या कारागृहापासून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, दहा-बारा किलोमीटरवर पडतो. उद्या महाराष्ट्राने वृद्ध बंदींच्या गृहस्थानबद्धतेचा कायदा केला, तर अशा रस्त्यावर सदनिका असलेला बंदी सर्वांत आधी पात्र ठरेल : स्वतंत्र खोली आहे, उद्वाहक आहे, जवळ दवाखाने आहेत, विजेचा आणि मोबाइलचा प्रश्न नाही, हमी घ्यायला नातेवाईक आहेत. अधिकाऱ्याच्या पाहणी अहवालात सगळ्या रकान्यांत ‘होय’ लिहिता येईल. पण या इमारतींतही कित्येक घरांत मुले पुण्याला किंवा परदेशी आहेत आणि थकलेल्या आईवडिलांपाशी ब्युरोतून येणारी बाई किंवा माणूस एवढाच आधार आहे. अशा घरी परतलेल्या बंदीची देखभाल त्याची तितकीच थकलेली पत्नी करणार. शिवाय सोसायटीच्या कमिटीने हरकत घेतली तर तिचे ऐकायचे की नाही, हे नियमात लिहावे लागेल.

निफाड, दिंडोरी किंवा कळवणच्या खेड्यातील बंदीचे गणित आणखी अवघड आहे. ज्याच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली त्याची विधवा आणि मुले बहुधा त्याच शिवारात, बांधाला बांध लागून राहतात. त्याच्या घरी परतण्याने त्यांची जखम रोज उघडी पडते, आणि सूड उगवला जाण्याची धास्ती दोन्ही घरांना असते. मुदतपूर्व सुटकेच्या वेळी पोलीस आणि महसूल अधिकाऱ्यांचे अहवाल मागवले जातात ते याचसाठी, परंतु त्या अहवालांत बहुधा ‘शांतताभंगाची शक्यता’ असे ठरीव वाक्य येते आणि पीडित कुटुंबाला खरोखर काय वाटते हे कोणी विचारत नाही. त्यांचे म्हणणे ऐकणे आणि त्यांना नकाराधिकार देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; पहिली अनिवार्य असावी, दुसरी असू नये, आणि त्यांचा आक्षेप रास्त असेल तेथे बंदीसाठी दुसऱ्या गावचा पत्ता शोधण्याची जबाबदारी शासनाची असावी. त्यातच वीस वर्षांत सातबाऱ्यावरचे नाव पुढच्या पिढीकडे गेलेले असते, रेशनकार्डातून नाव उतरलेले असते, आधारकार्ड कधी काढलेलेच नसते. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे मासिक १,५०० रुपये मिळवायचे तरी कागद लागतात, आणि ते जमवायला दोन पायांचा माणूस लागतो. शेवटी हा सारा भार सुनेवर, लेकीवर किंवा वृद्ध पत्नीवर येतो. तुरुंगाने जे काम पगारी कर्मचाऱ्यांकडून आणि सोबतच्या बंदींकडून करून घेतले, ते घरातल्या बाईच्या अंगावर बिनपगारी टाकून त्याला सुधारणा म्हणणे हा कारभाराचा सोयीस्कर शब्दच्छल ठरेल.

म्हणून गृहस्थानबद्धतेच्या आधी अनुरक्षण, म्हणजे सुटलेल्या किंवा बाहेर पाठवलेल्या बंदीचा निवारा, उपचार, कागदपत्रे आणि देखरेख यांची व्यवस्था, उभी राहिली पाहिजे. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारली, जेथे शिक्षा झालेली माणसे कुटुंबासह राहून शेती करू शकत; व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट, ज्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, त्याच प्रयोगावर बेतलेला आहे. खुली कारागृहे आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहेत, परंतु तेथे जाण्यासाठी कष्टाची कामे करण्याजोगी तब्येत लागते. म्हणजे तुरुंगापेक्षा घराच्या जवळची जी एकमेव जागा आपण निर्माण केली, तिच्यातूनही म्हातारा माणूस वगळला गेला. घर नसलेल्या किंवा घरी जाणे अशक्य असलेल्या वृद्ध बंदींसाठी स्वतंत्रपूरच्या धर्तीवर, शेतीऐवजी शुश्रूषेभोवती बांधलेली छोटी निवासस्थाने ही गृहस्थानबद्धतेच्या कायद्याची पूर्वअट मानली जावी. परिविक्षा अधिकारी, म्हणजे बंदीवर समाजात राहून लक्ष ठेवणारा आणि त्याला मदत करणारा अधिकारी, हे पद १९५८ च्या परिविक्षा कायद्यापासून अस्तित्वात आहे. पोलीस पहाऱ्यापेक्षा या पदाला मनुष्यबळ देणे स्वस्तही पडेल आणि उपयोगीही.

सर्वच वृद्ध बंदींना घरी पाठवावे, असा दावा येथे नाही. लहान मुलांवर अत्याचार करणारा आणि ज्या घरात तो झाला त्याच घरी परतू पाहणारा वृद्ध, किंवा खुर्चीत बसून टोळी चालवू शकणारा माणूस, यांच्या बाबतीत वय हे अपुरे कारण आहे. उलट, वयाची एकच रेषा आखून पासष्टच्या पलीकडील साऱ्यांना एकाच मापाने मोजणे हे ‘५० वर्षे आणि त्यावरील’ या रकान्याचेच दुसरे रूप होईल. निर्णय प्रकरणपरत्वे घ्यावा लागेल, आणि तो मंत्रालयातील फायलीवर नव्हे तर न्यायाधीश, डॉक्टर आणि परिविक्षा अधिकारी यांच्या जिल्हा पातळीवरील मंडळाने, कारणे नोंदवून घ्यावा लागेल.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये वृद्ध आणि असाध्य आजारी बंदींसाठी विशेष मोहीम सुरू केली, त्यामुळे कायदेशीर साहाय्याची बाजू थोडी तरी हलली आहे. जिल्हा पातळीवरचे उरलेले काम नाशिकला करता येण्यासारखे आहे. गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाची महाविद्यालये आहेत, विधी शिक्षणाची परंपरा आहे. याच रस्त्याने पुढे धरणापाशी गेल्यावर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते, ज्याने कारागृहांत अभ्यासकेंद्रे चालवून बंदींच्या हाती पदव्या दिल्या. सत्तरीतल्या बंदीला पदवीपेक्षा पत्त्याची गरज अधिक आहे. कारागृह विभागाची परवानगी घेऊन विधी आणि समाजकार्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी नाशिकरोडमधील साठीपुढील प्रत्येक बंदीचे वय, आजार, उरलेली शिक्षा, बाहेर कोण आहे, घर कोणाच्या नावावर आहे, पीडित कुटुंब कोठे राहते आणि आधारकार्ड आहे की नाही, एवढ्या गोष्टींची यादी केली, तर कायदा कोणासाठी करायचा हे विधिमंडळाला प्रथमच आकड्यांत सांगता येईल. त्या यादीसाठी नवा कायदा लागत नाही आणि निधीही फारसा लागत नाही. ती याच शैक्षणिक वर्षात हाती घ्यावी.